उत्तरेकडचे बाक

केंड्रा: …आणि या नव्या खुर्च्यांना पाठ आहे, मिस्टर हॅगन. हात टेकायला जागा आहे. पेला ठेवायला खोबण आहे.

ऑर्व्हिल: एकतीस वर्षं पत्र्याच्या बाकावर बसलोय. पाठ माझी मीच घेऊन जातो.

लोर्ना: ऑर्व्हिल, तिला बोलू दे. केंड्रा, तू चौथीत माझ्या वर्गात होतीस तेव्हाही अशीच एका दमात सगळं सांगायचीस.

केंड्रा: हो, बाई. आता कॉलेज त्याचाच पगार देतं. प्रेक्षकांना स्टेडियममध्ये बरं वाटलं पाहिजे, हे माझं काम.

ऑर्व्हिल: मला बरंच वाटतं. त्यासाठी माणूस ठेवायची गरज नव्हती.

केंड्रा: लोक घरी बसून टीव्हीवर फुटबॉलची मॅच बघायला लागलेत. मागच्या हंगामात निम्मा पूर्व भाग रिकामा होता. म्हणून मोठे पडदे, खेळ थांबला की संगीत, आणि दर चार खुर्च्यांमागे एक स्पीकर. मैदानात कुठेही बसा, आवाज सारखाच.

ऑर्व्हिल: तेच म्हणतोय. कुठेही बसलो तरी सुटका नाही.

केंड्रा: तुमच्यासाठी वेगळी सोय केलीय. ही कल्पना माझीच. तुमच्यासारख्या, ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी हेडफोन. रेडिओवरचा निवेदक थेट तुमच्या कानात. चेंडू कोणाच्या हातात, संघ किती यार्ड पुढे सरकला, सगळं. पहिला हेडफोन तुम्हाला द्यायचा, एक फोटो घ्यायचा…

ऑर्व्हिल: नको.

केंड्रा: फोटो नको असेल तर…

ऑर्व्हिल: हेडफोन नको. डोळे गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून लोर्ना मॅच सांगते आणि मी ऐकतो. आमचं छान चाललंय.

लोर्ना: छान म्हणजे काय, शनिवारी मॅच झाली की रविवारी माझा घसा बसतो. पण सांगू का केंड्रा, रेडिओवाला काय सांगणार? त्याला पंच आणि आकडे तेवढे दिसतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या मिनिटाला नऊ नंबरने, डॅनी स्ट्रोबलने, चेंडू पकडला, तर आधी पँटला हात पुसले त्याने. शेतावरच्या पोरासारखे. ते रेडिओवर येतं का?

केंड्रा: डॅनी स्ट्रोबल? पण बाई, नऊ नंबर तर…

ऑर्व्हिल: लोर्ना, केंड्राच्या आईला रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा आवडतो ना? परसात रुबार्ब माजलाय नुसता. दे की तिला थोडा.

लोर्ना: अगं हो. बस तू, केंड्रा. जाडजूड देठ बघून आणते. पानं काढून टाकीन, पानं विषारी असतात.

(लोर्ना परसात जाते. जाळीचं दार आपटतं.)

ऑर्व्हिल: गेली?

केंड्रा: गेल्या. मिस्टर हॅगन, डॅनी स्ट्रोबलचं टायरचं दुकान आहे. माझ्या गाडीची चाकं त्यानेच बदलली. त्याला कॉलेज सोडून वीस वर्षं झाली असतील.

ऑर्व्हिल: बावीस.

केंड्रा: म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.

ऑर्व्हिल: मी आंधळा आहे, बहिरा नाही. दोन वर्षं झाली. आधी एखादं नाव चुकायचं. आता अख्खा संघच जुना असतो. मागच्या रांगेतली पोरं हसायची. एकदा मी वळून म्हटलं, हसायचं तर बाहेर जाऊन हसा. मग गप्प झाली.

केंड्रा: डॉक्टरांना दाखवलं?

ऑर्व्हिल: दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं आजाराचं. औषध काही सांगितलं नाही.

केंड्रा: बाईंना माहीत आहे?

ऑर्व्हिल: त्या दिवशी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला नाही, तिनेही नाही.

केंड्रा: मग तर हेडफोन बराच की. त्यांच्यावरचा भार कमी होईल.

ऑर्व्हिल: भार नाही तो, पोरी. कसं सांगू तुला. आठवडाभर ती घरात हरवलेली असते. पातेलं कुठे ठेवायचं ते आठवत नाही. शनिवारी तीन तास मात्र माझी लोर्ना अख्खीच्या अख्खी शेजारी असते. नावं चुकतात, साल चुकतं, पण चेंडू कुठे आहे ते कधी चुकत नाही. ती सांगते, आणि अर्ध्या श्वासानंतर गर्दी ओरडते. प्रत्येक वेळी. मी मोजलंय.

केंड्रा: आणि स्पीकर लागले की…

ऑर्व्हिल: एप्रिलच्या सराव सामन्याला तुम्ही लावून बघितले ना? माझ्या कानाशी तोंड आणून ती बोलत होती, मला शब्द कळेना. मी दोनदा ‘काय?’ म्हटलं. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. शेजारच्या लेलँडने गाडीतून घरी सोडलं. पायरीवर तिने मला विचारलं, मॅचला कधी निघायचंय.

केंड्रा: ते स्पीकर मीच मंजूर करून घेतले. किती चांगलं काम केलं म्हणून मिरवत होते.

ऑर्व्हिल: तुला दोष देत नाही. लोकांना आवाज आवडतो. मला फक्त दोन जागा दे, जिथे तो नसेल. पाऊस लागो, ऊन लागो.

केंड्रा: नाहीयेत तशा जागा. हा नकाशा बघा… माफ करा. मी बघते. पूर्व, पश्चिम, दक्षिण, सगळीकडे तारा ओढून झाल्यात. उत्तरेकडचे बाक तेवढे या वर्षी तसेच राहणार आहेत.

ऑर्व्हिल: मग तिथे.

केंड्रा: ते पाहुण्या संघाच्या लोकांसाठी राखून ठेवतो आम्ही. आणि खाली बँड बसतो.

ऑर्व्हिल: बँड चालेल. बँड दमतो, मध्ये थांबतो. आणि पाहुणे माझं काय वाकडं करणार?

केंड्रा: साहेबांना विचारावं लागेल. नाही, नको. विचारलं तर नाहीच म्हणतील. माझ्या हातात थोडी तिकिटं असतात, त्यातली दोन काढते. पण मिस्टर हॅगन, पुढच्या उन्हाळ्यात तो भागही पाडणार आहेत. हा एकच हंगाम मिळेल.

ऑर्व्हिल: घरच्या मॅच किती?

केंड्रा: सात.

ऑर्व्हिल: सात पुष्कळ झाल्या.

(जाळीचं दार आपटतं. लोर्ना परत येते.)

लोर्ना: काय सात? घे गं केंड्रा, कागदात गुंडाळलाय. आईला म्हणावं, साखर सढळ हाताने घाल. आणि तू रडतेस का? याने काही बोलून ठेवलं असणार. याची जीभ म्हणजे करवत.

केंड्रा: नाही, बाई. जागा ठरली तुमची. उत्तरेच्या टोकाला, नवव्या रांगेत.

लोर्ना: टोकाला? पाहुण्यांच्यात? ऑर्व्हिल, तू कबूल झालास?

ऑर्व्हिल: त्यांनाही कुणीतरी नीट मॅच सांगायला हवी.

लोर्ना: बघू तो नकाशा. थांबा, चष्मा लावते. हं. ऊन डोळ्यांवर येईल, टोपी घालीन. आणि आपली पोरं या टोकाकडे धावत येतील तेव्हा अगदी समोरून येतील. मला प्रत्येकाचा चेहरा दिसेल, ऑर्व्हिल.

ऑर्व्हिल: दिसेल ना.

लोर्ना: मग नावं चुकायची नाहीत माझी.

ऑर्व्हिल: नाही चुकायची.