संशोधन केंद्राच्या भिंतीवरचा फोटो नेल्याबाबत

जबाब देणार : मयत संशोधकाची पत्नी, वय ५१ वर्षे, धंदा : फिजिओथेरपी, राहणार : संशोधन केंद्रामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला.

मी आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझ्या सासूबाई अशा दोघी राहतो. सासूबाईंना कमी दिसतं. मुलगी शिक्षणासाठी परगावी असते. माझ्याविरुद्ध अशी तक्रार आहे की मी काल दुपारी संशोधन केंद्राच्या पहिल्या मजल्यावरून एक फ्रेम चोरून नेली. फ्रेम नेली हे खरं आहे. चोरून नेली हे खोटं आहे. मी सगळ्यांच्या देखत खुर्चीवर चढून ती काढली आणि मुख्य दरवाजाने बाहेर पडले. फ्रेम जड होती म्हणून सुरक्षारक्षकाने मला दार धरलं. बाई नवऱ्याचा फोटो घरी नेतायत असं त्याला वाटलं असणार, आणि मी तेच करत होते.

माझे पती त्या केंद्रात सव्वीस वर्षं कामाला होते. त्यांचं काम जनुकांवरचं. जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारलं म्हणून सांगते : जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. जनुक तेच राहतं, पण त्याच्यावर खूण बसली की ते गप्प होतं आणि खूण निघाली की कामाला लागतं. या खुणा कधी बसतात, का बसतात आणि कोणत्या आजारात बदलतात, हे ते शोधत. त्यांचे एकतीस शोधनिबंध छापून आले. मला ते सगळे समजले असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येक निबंधाच्या वेळी घरात काय चाललं होतं ते मला माहीत आहे. चौथ्याच्या वेळी मुलगी झाली. एकोणिसावा दोनदा परत आला तेव्हा ते आठवडाभर कोणाशी धड बोलले नव्हते. छापून आलेल्या एका निबंधात त्यांना स्वतःचीच चूक सापडली, तेव्हा त्यांनी आपण होऊन दुरुस्ती छापायला लावली. विभागप्रमुख तेव्हा म्हणाले होते, "कोणाच्या लक्षातही आलं नसतं रे." त्यावर हे म्हणाले, "माझ्या आलं ना."

विभागप्रमुख म्हणजे तक्रारदार. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. ते माझ्या पतींना धाकट्या भावासारखं मानत, असं ते स्वतः सगळीकडे सांगतात.

शेवटच्या वर्षात विभागात एका चाचणीचं काम चालू होतं. बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, खुणा मोजायच्या, आणि त्याला पुढे फिट्सचा आजार राहील की नाही ते सांगायचं. आकडे फार सुरेख आले. आजारी मुलं एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला. सर खुशीत होते. माझे पती मात्र जेवताना म्हणाले, "इतकं सरळ काही नसतं." मग त्यांनी खोदून काढलं. आजारी मुलांचं रक्त एका दवाखान्यातून येत होतं आणि तिथे ते बराच वेळ बाहेर, उकाड्यात पडून राहत होतं. निरोगी मुलांचं मात्र लगेच फ्रीजरमध्ये जात होतं. म्हणजे खुणांमधला फरक आजाराचा नव्हता, रक्त बाहेर पडून राहिल्याचा होता. त्यांनी हे भर बैठकीत सांगितलं. सर म्हणाले, "छापून तर टाकू, पुढच्या निबंधात सुधारू." हे म्हणाले, "माझं नाव त्याच्यावर जाणार नाही." हे वाक्य त्यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं आणि सासूबाईंनीही ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आता हातपाय धू."

त्यानंतर त्याच महिन्यात माझे पती हृदयविकाराच्या झटक्याने वारले. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

केंद्राने पहिल्या मजल्यावर त्यांचा फोटो लावला आणि त्याच फ्रेममध्ये खाली शोधनिबंधांची यादी. अनावरणाला आम्हां दोघींना बोलावलं होतं. सासूबाईंना यादी वाचता येईना, म्हणून त्या काचेवरून हात फिरवत होत्या. सर म्हणाले, "आई, हे सगळं तुमच्या मुलाचं." तेव्हा यादी एकतिसाची होती. पुढे त्यात एक वाढला हे मला माहीत नव्हतं. मी त्या मजल्यावर पुन्हा गेले नाही. मला जाववलं नाही.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी एक बाई घरी आल्या. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. त्यांनी माझ्या पतींचं नाव घेऊन विचारलं, "डॉक्टर आहेत का? मी भांडायला नाही आले. फक्त विचारायला आलेय." मी त्यांना आत घेऊन पाणी दिलं. त्यांच्या मुलीला फिट्स येत होत्या, औषध चालू होतं आणि बरं चाललं होतं. मग दवाखान्यात ही नवीन चाचणी झाली. धोका नाही, असं उत्तर आलं. तिथल्या डॉक्टरांनी छापील निबंध दाखवला आणि औषध बंद केलं. पुढे मुलीला मोठी फिट आली, ती लवकर थांबली नाही. मुलगी आधी आई, पाणी, चेंडू असे बरेच शब्द बोलायची. आता बोलत नाही. मी व्यवसायाने लहान मुलांचे हातपाय तपासते. मुलीच्या उजव्या हाताची मूठ मी उघडून पाहिली. त्याबद्दल इथे काही सांगत नाही, दवाखान्याचे कागद त्यांच्याकडे आहेत.

मी त्यांना सांगितलं, की माझे पती दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी पिशवीतून निबंध काढला. पहिलंच नाव माझ्या पतींचं. छापल्याची तारीख गेल्या वर्षीची. त्या म्हणाल्या, "मग हे लिहिलं कोणी?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "काय गं, त्याचं अजून छापून येतंय का?" त्यांच्या आवाजात आनंद होता. त्यांना खरं सांगण्याचं काम मलाच करावं लागलं, हे लिहून घ्यावं.

निबंधाच्या शेवटी एक ओळ आहे, की सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचला असून त्यांना तो मान्य आहे. मी मासिकाच्या संपादकांना कळवलं, की पहिल्या लेखकाने काहीही वाचलेलं नाही, कारण तेव्हा ते हयात नव्हते. त्यांचं उत्तर आलं, की लेखकाची संमती त्यांच्या ईमेलवरून रीतसर मिळालेली आहे, आणि नाव काढायचं असेल तर तशी विनंती लेखकाने स्वतः, त्याच ईमेलवरून करावी. हे उत्तर माझ्या फोनमध्ये आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मी चारदा वाचलं होतं.

काल दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी विचारलं, की ह्यांच्या ईमेलवरून संमती कोणी पाठवली. ते जराही न दचकता म्हणाले, "मीच पाठवली. ईमेल अकाउंट विभागाचंच आहे वहिनी. त्यात एवढं काय? पहिलं नाव त्याचं टाकलं, माझं सगळ्यात शेवटी. आम्ही त्याचा मानच केला."

मी म्हणाले, "त्यांनी तुम्हाला नाही म्हटलं होतं. सगळ्यांसमोर."

"तो थकला होता तेव्हा. तब्येत बरी नव्हती. आणि तुम्हाला यातलं किती समजणार?"

मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, की एखादी केस अशी निघतेच, आणि त्या बाईंनी निबंधाच्या पहिल्या लेखकाशी बोलावं. बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "क्वार्टर अजून तुमच्याकडे आहे, वहिनी. दोन वर्षं झाली. ती कोणामुळे, याचा विचार करा."

चहा आला. मी घेतला नाही. बाहेर आले तर समोर भिंतीवर फ्रेम. यादी नव्याने छापून बसवलेली आणि तळाला बत्तिसावा निबंध. मी परत आत जाऊन म्हणाले, "तेवढी शेवटची ओळ खोडा, मी जाते." सर म्हणाले, "एक वाढला तर तुमचं काय बिघडलं?" शेजारच्या खोलीतून खुर्ची मीच ओढून आणली. व्हरांड्यात सात-आठ जण जमले होते. त्यांच्यातले निम्मे त्या बैठकीला हजर होते. एकानेही तोंड उघडलं नाही, पण खुर्ची डगमगत होती ती दोघांनी येऊन धरली. त्यांची नावं मी सांगणार नाही. त्यांना स्वतःहून सांगावंसं वाटलं तर दार उघडं आहे.

मला एक विचारायचं आहे, आणि ते जबाबात यावं असा माझा आग्रह आहे. फ्रेम गेल्याची तक्रार सरांनी फोनवरून दिली आणि तासाभरात पोलीस शिपाई माझ्या दारात उभा होता. माणसाचं नाव चोरलं, त्याने आयुष्यात जे करायला नकार दिला तेच त्याच्या नावावर खपवलं, त्या नावावर विश्वास ठेवून एका लेकराचं औषध बंद झालं. त्याची तक्रार घेऊन मी परवा इथे आले होते, तेव्हा मला सांगण्यात आलं, की हा केंद्राचा अंतर्गत मामला आहे. ते सांगणारे हवालदार आत्ता याच खोलीत बसले आहेत.

फ्रेम परत केली तर सर तक्रार मागे घेतील, असा निरोप मला आत्ता देण्यात आला. मी फ्रेम परत करणार नाही. खटला भरायचा तर भरावा. तिथे सरांना शपथेवर सांगावं लागेल, की यादीतली शेवटची ओळ कोणाची आहे. क्वार्टर सोडावी लागली तर सोडू. काल सासूबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "माझं सामान एका बॅगेत मावतं."

मुलीची आई बाहेर बाकावर मुलीला घेऊन बसली आहे. ती माझ्यासोबत आली आहे. तिला आजवर कोणीही काहीही विचारलेलं नाही. माझ्यानंतर तिला आत बोलावून तिचा जबाब घ्यावा. मी बाहेर मुलीला सांभाळते.

माझा जबाब अंमलदारांनी मोठ्याने वाचला व मी तो चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला. एका ठिकाणी 'सरांशी वाद' असं लिहिलं होतं, तिथे 'सरांना नकार' असं करून घेतलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे. मसुदा मला मान्य आहे. खालची सही माझी असून ती मी जिवंत असताना, माझ्या हाताने केली आहे.