एका चुकीचे दोन बोल

श्रीहरीला वंदन करून सांगतो. संगणक नवा होता तेव्हा माझा पुतण्या मुंबईस त्याची भाषा चालवणारी यंत्रणा रचत असे. एकदा तो चाळीसगावी आमच्याकडे आला आणि हताश बसला.

"नाना, लिहिणाऱ्याकडून एक चिन्ह राहिलं, तर यंत्र कधी 'चिन्ह नाही' म्हणतं, कधी 'वाक्य अपुरं'. सोमवारपर्यंत एकच बोल ठरला नाही, तर नोकरी जाईल."

मुळात यंत्र बोलते कसे, हेच मला उमगेना.

गावात भजनी मंडळ मी चालवतो. आमची सौ. म्हणाली, "तुम्ही बी तेच करतस. भजनात कोनाचा टाळ चुकना की एकाला 'झोपलास का', दुसऱ्याला 'देव ऐकतोय'. त्यास्नी समजावं काय?"

पुतण्याने ते लिहून घेतले, एका चुकीला एकच बोल ठरवला आणि नोकरी वाचली. मीही सर्वांना 'टाळ चुकला' एवढेच म्हणू लागलो.

पुढच्या एकादशीला मीच चुकलो. सारी मंडळी एका सुरात म्हणाली, "नाना, टाळ चुकला."

तो दयाघन तुम्हा सर्वांच्या घरी चुका अशाच एका गोड बोलात सांगो.