गिऱ्हाईक आलं की उठाचं

नाई नाई, चुकले नाई तुमी, बरोबर जागी आले — हाच कटरे लॉज, म्हंजे होता — आता पाहा ना, चार मजले, बारा फ्लॅट, खाली पार्किंग. तुमी कवा थांबले होते म्हनता? पाच वर्सं झाले? मंग मी होतोच ना काउंटरवर! इंद्रकुमार कटरे, मालक — वळखलं नाई? मिशी काढली, म्हनून. आना बॅग इकडं. आना हो! मुंबईचं गोरेगाव थोडंच हाये हे, भर दुपारी दुसरं लॉज कुठं शोधसान? एका रातीचाच सवाल हाये ना, होऊन जाते. माहा फ्लॅट हाये वर, बिल्डरनं जागेच्या बदल्यात देला. चला, चढता चढता सांगतो — लिफ्ट बंद हाये.

कायले पाडला म्हनता? मी नाई पाडला. रामकलीनं पाडला, माह्या बायकोनं. म्हंजे जेसीबी भुपेंद्र बिल्डरचा होता, पन बोलावलं तिनं. तीस वर्सं ही कामठ्याच्या माहेरची बाई तोंडातून शब्द काढत नाई, अन् एक दिवस भाजी निसता निसता म्हनते, "मले घर पायजे." मी म्हनलं, अवो, नऊ खोल्या हायेत, अजून केवढं घर पायजे तुले? तं म्हनते, "त्यातली माही कोनती?" माह्या बापानं, कुंजीलालनं, दवनीवाड्याची धानाची बांधी इकून लॉज बांधला — नऊ खोल्या बांधल्या अन् नवाही खोल्यायले नंबर टाकले. मालकाले एकही नाई ठेवली. जी रिकामी, तिच्यात आमी झोपाचं. गिऱ्हाईक आलं की उठाचं. बस, एवढा एकच कायदा.

हासून नोका राहू, खरी गोष्ट हाये. माहा पोरगा लोकेंद्र होवाच्या वेळची. रामकली तीन नंबरात कळा देऊन राहिली, सुईन आली, पानी गरम झालं — अन् खाली बियान्याच्या कंपनीचा साहेब. म्हने, मले तीनच नंबर पायजे, तिथला पंखा चांगला फिरते. बाप म्हनला, सूनबाई, पाच नंबर रिकामा हाये. गेली ना ती चालत! भिंतीले धरून, सुईन मागं मागं. पन पाचपर्यंत पोचली नाई — पोरगा झाला चार नंबरच्या दारात. चारमधला पाहुना बाहीर आला, पाह्यलं, म्हनला, इथं आवाज लई होऊन राहिला, खोली बदलून द्या. देली बदलून. काय करता?

अन् पोरीचं, उर्वशीचं लग्न? नऊच्या नऊ खोल्या वरातीले, आमी गच्चीवर. रजिस्टर सगळ्यायचं भरलं — कायदा म्हंजे कायदा. जावयाले इचारलं, येन्याचं कारन? तो म्हने, लग्न. मी लिहलं — खाजगी काम.

थांबा, दम घ्या. हं. तं फ्लॅट भेटला, आठ महिने झाले. टाइल्स, रंग, दारावर पितळेची पाटी — सगळं तिच्या पसंदीचं. अन् जिनं मांगतलं, तिलेच झोप येईना! खुर्चीवर बसून राहे, कपड्याची पिशवी मांडीवर. सकाळी उठून पलंगाची चादर बदले — कोनी झोपलंच नाई त्याच्यावर, तरी बदले. मी म्हनलं, आता कोनी उठवत नाई तुले. म्हनते, "मले माईत हाये, आंगाले माईत नाई." डॉक्टरकडं नेली. तो शहाना म्हनते, हवापालट करा, चार दिवस कुठं हॉटेलात राहून या!

मंग घंटी वाजली एक दिवस. दारात मानूस, हातात बॅग, तुमच्यासारखाच — म्हने, मालक, कटरे लॉज हाच ना? अन् माह्या तोंडातून निंघालं, या. ठरवून नाई बोललो हो, पोरायची शपथ. रामकली उठली, वळकटी बांधली, सैपाकघरात जाऊन बसली. अन् मले — आता तुमी परके मानूस, तुमाले सांगाले काय — मले गोड वाटलं. चार महिन्यात पयल्यांदा कोनी मले मालक म्हनलं. तवापासून तुमी अठरावे. सोसायटीचे शालीकरामजी तापून राहिले, काऊन का एक पाहुना पहाटंच शेजारच्या सुलोचनाबाईच्या दारावर बालटीभर गरम पानी मांगाले गेला. तिनं देलंही बिचारीनं, वरून साबन देला. मीटिंग झाली. मी सगळ्यायसमोर कबूल केलं, आता बंद. कबूल केल्यावरचे तुमी तिसरे.

रामकलीले? इचारलं ना, परवाच इचारलं — राग येते का वं तुले माहा? म्हनली, "राग येवाले पयले झोप झाली पायजे." तुमी नोका मनावर घेऊ. ती लगेच जागा करून देते, दुसरी घंटी वाजवा लागत नाई कधी. हे पाहा, आलं. वाजवतो.

वाजली ना? तुमी आयकली? — आता पुन्हा वाजवतो. रामकली! अवो, पाहुने हायेत! — बजाराले गेली असंल. पन कडी तं आतून हाये. रामकली! थांबा, या खिडकीतून दिसते. सरका जरासे, उजेड येऊ द्या —

नाई, काही नाई. बरी हाये. पलंगावर हाये. आडवी — म्हंजे पूर्ण पलंगभर, हातपाय पसरून, पदर कुठं, उशी कुठं. घोरून राहिली. दुपारी दोन वाजता! बत्तीस वर्सं झाले भाऊ लग्नाले, ही बाई घोरते हे मले माईतच नोतं.

ओ, घंटीले हात नोका लावू! नोका लावू म्हनलं ना!

मी? मी बसतो इथं पायरीवर. उठंल तवा उठंल.

घ्या तुमची बॅग. खोली नाई. सव्वाचारले गोंदियाची बस हाये, तिथं लय हॉटेलं हायेत, जा. — अन् आयका, ते जोडे काढा पायातले. हातात घ्या, मंग उतरा.