डॉक्टर कुंटे मागे सरले ती दुपार

मंडळी, मागची माणसं जरा पुढे सरका. पंख्याखाली जागा आहे. आज एक प्रश्न घेऊन उभा आहे, आणि तो सोपा नाही. ज्याच्यावर आपला जीव जडलाय, त्याचं सगळं आपल्याच हातून व्हावं, असं वाटतं की नाही? लेकराचा घास, बायकोचं औषध, देवाची पूजा – 'मीच करणार!' मग सांगा – ही माया, की त्या मायेच्या आडोशाला कुठेतरी 'मी' बसलाय?

लगेच माना डोलवू नका. आधी ऐका.

आपले डॉक्टर विश्वंभर कुंटे. त्यांना जाऊन आज वर्ष झालं. तीस वर्षं या बार्शीत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या पोटावर त्यांची सही आहे – नाही, नाही, दाखवू नका! शर्ट खाली घ्या!

डॉक्टरांचा जीव दोनच ठिकाणी. घर आणि गाणं. दवाखान्यात कितीही गर्दी असो, दोन वाजता माडीवर जेवायला जाणार – स्वतः, पत्नी सुलभाताई आणि एकुलती एक लेक हेमांगी. संध्याकाळी सहा वाजले की पेटी पुढे ओढायची. लेक गाणार, बाप साथ करणार. गळू ठणकतंय म्हणून धावत आलेला माणूससुद्धा गाणं संपेपर्यंत गप्प बसायचा, आणि वर दाद देऊन जायचा! हेमांगी वरच्या सुरांत शिरली, की डॉक्टरांची बोटं पेटीवरच थांबायची. साथ विसरून नुसते ऐकत राहायचे.

त्या पोरीच्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ आली. तपासली, साधीच निघाली. पण काढायला हवी होती. सुलभाताई म्हणाल्या, पुण्याला नेऊ. डॉक्टरांनी ऐकलं नाही. आवाजाच्या नसा त्या गाठीला लगटून जातात. माझ्या लेकीच्या गळ्याला मीच हात लावणार, दुसरा कोणी नाही, असं त्यांनी बजावलं. पुढच्या महिन्याचा दिवसही ठरवला.

दिवस काय, माणसानं ठरवावा!

मंगळवारची दुपार. पानं वाढली होती. हेमांगीनं भाताचा घास घेतला आणि गळा धरला. गाठीच्या आत रक्त फुटलं होतं. बघता बघता सुपारीचं लिंबू झालं. श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी सव्वीस वर्षांची लेक उचलली आणि जिना उतरले.

खाली भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घशात नळी घालायला सुरुवात केली. एकदा – जाईना. दुसऱ्यांदा – जाईना. ओठ निळे पडायला लागले. तिसऱ्यांदा एक बारीकशी नळी कशीबशी आत गेली. ते म्हणाले, ही सरकली तर पुन्हा जायची नाही. सोलापूर दीड तासावर. गाडीत घालून नेणं म्हणजे जिवाशी खेळ. जे काय करायचं, ते इथे आणि आत्ता.

कुंटे डॉक्टरांनी हात धुतले. समोर उभी होती नसीम तांबोळी. त्यांच्याच हाताखाली चार वर्षं शिकलेली तरुण सर्जन. असली शस्त्रक्रिया तिनं एकटीनं कधी केली नव्हती. डॉक्टरांनी सुरी हातात घेतली.

तुम्हाला वाटेल, हात थरथरला असेल. नाही! हात दगडासारखा स्थिर होता. पण मन, मंडळी, मन कुठे होतं? समोर लेकीचा श्वास कोंडत होता, आणि यांच्या डोक्यात वरचे सूर! या नसेला धक्का लागला तर कुठला सूर जाईल, त्या नसेला लागला तर कुठला. हिशेब चालला होता गाण्याचा. आणि त्यांचं त्यांना ते दिसलं. इथे मोठेपणा आहे. दिसलं!

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"नसीम, मला हिचा आवाज दिसतोय. तुला पेशंट दिसतेय. तू कर."

"सर, मी एकटीनं कधी –"

"आवाज गेला तर जाऊ दे. श्वास राहिला पाहिजे."

एवढं बोलून ते दाराबाहेर आले. आपली नजर तिच्या हातावर ओझं होईल, म्हणून. बाकावर सुलभाताई बसल्या होत्या. नवरा बाहेर आलेला पाहून त्या अर्धवट उठल्या.

"अहो, तुम्ही इथे? मग आत कोण आहे?"

"नसीम आहे."

ताईंनी डॉक्टरांचा ओला हात धरला. पन्नास मिनिटं दार उघडलं नाही. आत एकदा काहीतरी खणकन पडलं. डॉक्टर उठले, दारापर्यंत गेले – आणि परत येऊन बसले. जन्मभर दुसऱ्यांची पोटं उघडली, मंडळी, त्या दिवशी त्यांनी एक दार उघडलं नाही!

पोर वाचली.

आवाज? बोलणं राहिलं, पण वरचे सूर गेले. नसीम रडत आली. म्हणाली, वरच्या टोकाला रक्त थांबेना, घाईत टाका घातला, त्यातच वरच्या सुरांची नस सापडली असणार. डॉक्टरांनी तिला बसवलं.

"मी असतो तर ती नस वाचवायला थांबलो असतो," ते म्हणाले. "आणि पोर गेली असती."

चार महिने पेटी बंद होती. मग एका संध्याकाळी डॉक्टरांनी ती उघडली आणि खालची पट्टी धरली. हेमांगी बसेना.

"बाबा, तुम्ही थांबून ऐकायचात ती जागा आता माझ्याकडे नाही."

"मग दुसरी शोधू. मीही नव्यानं ऐकायला शिकतो."

पुढची अकरा वर्षं, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत, बापलेक रोज सहाला बसले. तो खालचा, भरलेला आवाज तुम्ही याच मंडपात ऐकलाय.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्याही घरात कोणीतरी आहे, ज्याला तुम्ही घट्ट धरून बसलाय. धरलंय ते कुणाला? त्या माणसाला, की त्याच्यातल्या तुम्हाला आवडणाऱ्या सुराला? उत्तर मला नको. घरी जा, त्या माणसासमोर बसा, आणि त्यालाच द्या.

जोडा हात.