साडूच्या बाटल्या आणि माझं नाक

नाही नाही, तुम्हीच मला सांगा, धडधाकट मोठ्या माणसांनी शनिवारची संध्याकाळ कशी घालवावी? झोपावं, पेपर वाचावा, गच्चीत उभं राहून शेजाऱ्याच्या नव्या गाडीला नावं ठेवावीत... काहीही करावं! पण बुटाच्या खोक्याला भोक पाडून त्यात हात घालावा, आतली वस्तू चाचपावी, आणि ती ओळखली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात? टाळ्या! कशाबद्दल? तर याने बटाटा ओळखला!

हे सगळं माझ्या साडूचं डोकं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि नेमके तेव्हाच त्यांना प्रश्न विचारायचे, हा याचा धंदा. एकाचंही उत्तर मिळत नाही. मग आठवडाभराची ती उत्तरांची भूक शनिवारी आमच्यावर भागवतो! दारात पाऊल टाकलं की टोपली पुढे. "मोबाइल टाका, साडूभाऊ! कुटुंबाने एकत्र खेळलं पाहिजे!" का? खेळलं पाहिजे म्हणजे काय? मी कुटुंबाबरोबर राहतो, जेवतो, भांडतो, अजून खेळायचं कशाला?

बरं, खेळ बाजारातून आणले असते तरी मी एक वेळ समजून घेतलं असतं. बाजारच्या खेळाला निदान छापील नियम असतात. यांचे खेळ घरी बनवलेले! जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे, औषधांची खोकी, स्केचपेनं, डिंक... मेहुणी ऑफिसातून आली की कात्री घेऊन बसते. एकदा तिच्या केसांत मागच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटलेली, तीवर मोठ्या अक्षरांत 'जिराफ'. तशीच ऑफिसला जाऊन आली. उंच आहे ती, त्यामुळे लोकांना वाटलं असेल हिने मुद्दाम लावली! आणि सगळी तयारी झाली, आम्ही गोल करून बसलो, गुडघे कुरकुरले, की हा मध्ये उभा राहणार, दोन्ही हात वर करणार आणि ओरडणार, "ओळखा पाहू!"

चित्र काढून ओळखायचा खेळ झाला. साडूने काहीतरी गोल काढलं, त्याला एक सोंड... की नळी... की हात. हत्ती म्हणावा तर कान नाहीत, किटली म्हणावी तर पाय आहेत. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "सासूबाई." त्या संध्याकाळी माझ्याशी पुढे कोणी बोललं नाही. किटलीच होती म्हणे. पाय कशाला मग किटलीला?

मग तो खोक्यात हात घालायचा खेळ. माझ्या बायकोने हात घातला आणि जी किंचाळली... साडू खूश! "ओळखा पाहू!" ती म्हणाली, "अहो, दात आहेत कोणाचे तरी!" तर हा म्हणतो, "बरोबर! पण कोणाचे?" तुम्हाला सांगतो, दवाखान्यातून पेशंटच्या दातांचा साचा घरी आणून खोक्यात ठेवणारा माणूस! आणि याला आमच्याकडे सगळे 'किती कल्पक' म्हणतात.

हे सगळं मी सहन केलं. पण त्या शनिवारी त्याने हद्द केली. म्हणाला, "आजचा खेळ खास साडूभाऊंसाठी! वास ओळखा!"

आता माझं सांगतो. मी साबणाच्या कारखान्यात वास पारखतो. नवा साबण बाजारात जायचा तर आधी माझ्या नाकाखालून जातो. कारखान्यात मला नावाने कोणी हाक मारत नाही, 'नाकसाहेब' म्हणतात. लिफ्टमध्ये शिरलो की माझ्याआधी कोण उतरलं ते मी सांगतो. आणि माझ्यासमोर हा दात उपटणारा वासाचा खेळ मांडणार! पोहण्याच्या मास्तरांपुढे बादली आणून ठेवावी आणि म्हणावं, जमतंय का बघा...

दवाखान्यातल्या छोट्या बाटल्या, बाहेरून काळा कागद गुंडाळलेला, आत कापसाचा बोळा, बोळ्यावर कसला कसला वास. कडा तिरक्या, कागद निघालेला, नंबर उलटा चिकटवलेला. मी मुद्दाम शेवटी बसलो. म्हटलं, आधी या मंडळींना चाचपडू दे, मग दाखवतो.

पहिली बाटली फिरली. सासूबाईंनी हुंगली, हसल्या. बायकोने हुंगली, मान डोलावली. माझ्याकडे आली, मी सराईतपणे नाकाखालून एकदा फिरवली आणि...

काही नाही.

परत फिरवली. काही नाही! मी बाटली ठेवली आणि म्हटलं, "रिकामी आहे ही. बोळा भिजवायचा विसरलास." तर सगळे एका सुरात, "अहो, कॉफी!" माझ्या कपाळावर आठी. म्हटलं असेल, माझ्यापर्यंत येईस्तोवर उडाली असेल. याला बूच तरी धड लावता येतं का?

दुसरी बाटली. हुंगतोय, हुंगतोय... पांढरा स्वच्छ कापूस हुंगावा तसं. आणि हा पुढ्यात वाकून, डोळे विस्फारून, "ओळखा पाहू! ओळखा पाहू!"

आता मी काय केलं, तर इतरांची तोंडं बघायला लागलो. सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. नाक मुरडलं म्हणजे घाण वास. ठोकून दिलं, "लसूण!" गुलाबपाणी निघालं! सासूबाईंना गुलाबपाणी आवडत नाही, हे मला कोणी सांगायचं? तिसऱ्या बाटलीला मेहुणीने डोळे मिटले, चेहरा कसा प्रसन्न. मी म्हटलं, "मोगरा." बूट पॉलिश! बूट पॉलिशचा वास आवडतो तिला! कसलं हे घराणं...

साडूचे हात खाली आले. आवाज एकदम बारीक. म्हणाला, "साडूभाऊ, खेळायचं नसेल तर तसं सांगा. मी आठवडाभर बसलो होतो यावर. तुमच्या आवडीचं काहीतरी करावं म्हणून. बूट पॉलिशला मोगरा म्हणायचं म्हणजे..." आणि थांबला. बायकोने कोपर मारलं. "मुद्दाम करताय ना? किती खवचटपणा! जरा म्हणून माणुसकी नाही!"

आता बघा, माझ्यापुढे दोन रस्ते. एक तर म्हणायचं, मंडळी, मला वास येत नाही. म्हणजे कारखान्यातले नाकसाहेब, ज्यांच्या नाकावर घर चालतं, त्यांचं नाक गेलं. नाही तर म्हणायचं, हो, मी खवचट आहे. मी काय निवडलं असेल? खवचटपणा निवडला! त्याची सगळ्यांना सवय होती, मलाही होती. मी पाय पसरले आणि म्हटलं, "तुमच्या खेळाची लायकी तेवढीच आहे." साडू बाटल्या गोळा करून आत निघून गेला. मेहुणीच्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आमच्या सासूबाई निवृत्त नर्स. आयुष्यभर इस्पितळात लोकांच्या पाठीत सुया टोचल्या, अजून बोलतात तशाच. "जावईबापू, जरा स्वयंपाकघरात या. वरचा डबा काढून द्या."

गेलो. डबा काढून दिला. त्या मला गॅसकडे पाठ करून उभं करून हवापाण्याचं विचारत बसल्या. कारखान्यात गर्मी फार असते का, पगारवाढ झाली का... मी आपला उत्तरं देतोय. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पाठीमागे दूध करपून कोळसा झालंय."

वळून पाहिलं. पातेल्यातून काळा धूर! बाहेरच्या खोलीतून मेहुणी ओरडत होती, "आई, काय जळलं गं?" आणि मी त्या धुरात उभा, जसा बागेत उभा असावा.

"कधीपासून?" सासूबाई.

मी म्हटलं, "काय कधीपासून?" तर म्हणाल्या, "माझ्याशी नाटक नको." म्हणजे अशा स्वरात म्हणाल्या की ऑपरेशनला घाबरणारे पेशंटसुद्धा आपणहून टेबलावर चढले असतील.

आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं हो... सर्दी झाली होती मागे, ती गेली असं वाटलं होतं. कारखान्यात सध्या जुन्याच साबणाचं काम, त्यामुळे पारखायला नवीन काही आलंच नव्हतं. पण घरी जेवताना रोज माझं चालू, भाजीला चव नाही, फोडणी विसरलीस, हल्ली तुझं लक्ष कुठे असतं... आणि बघतो तर दारात बायको उभी! सगळं ऐकलेलं. मला वाटलं धीर देईल. चेहरा असा फुलला तिचा, लग्नातसुद्धा इतका फुलला नव्हता. "म्हणजे भाजी चांगलीच होत होती!" एवढंच म्हणाली. नवऱ्याचं नाक गेलं आणि ही भाजीचा निकाल साजरा करतेय!

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. तिथे आमच्याच कारखान्याची वडी होती, मी स्वतः पास केलेली. हात ओले केले, फेस काढला, दोन्ही हात तोंडावर धरले. आतून येणारा वास मला पाठ आहे... आधी लिंबाची साल, मग जरा मागून चंदन. काही आलं नाही. नुसता ओला दगड. सोमवारी नवीन साबणाचे दोन नमुने यायचे होते. नाक नसेल तर मला कारखान्यात ठेवणार कशाला? खोकी भरायला? आणि मी तर खोकी चिकटवणाऱ्यांना हसत आलोय...

बाहेर आलो तर साडू समोर. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, नर्सांच्या पोटात काही राहतं हे खोटं आहे. मी वाट बघत होतो, आता हा हसेल. माझी तयारी होती. पण हा म्हणतो काय, "साडूभाऊ, खिडकीशी बसा. तोंड उघडा."

"वास नाकाला येत नाहीये," मी म्हटलं, "दाताला नव्हे!"

"उघडा हो."

चमच्याच्या दांड्याने वरच्या दाढेवर टक् केलं आणि मी खुर्चीतून उडालो! हा मान हलवतोय. "गेली कित्येक वर्षं म्हणतोय, एकदा दाखवून जा. या दाढेचं मूळ सडलंय, त्याचा पू वर नाकाच्या पोकळीत गेला असणार." दुसऱ्या दिवशी रविवार असूनही दवाखाना उघडला, एक्स-रे काढला, नाकाच्या डॉक्टरांना फोन लावून लगेच पाठवलं. त्यांनीही तपासून तेच सांगितलं. म्हणजे याचं बरोबर निघालं. याचं! किटलीला पाय काढणाऱ्याचं!

मग दाढ काढायला त्याच्याच खुर्चीत. मी आडवा, दिवा डोळ्यांवर, तोंडात कापूस, जीभ बधिर, एक अक्षर बोलता येईना. इतका हतबल मी त्याला आयुष्यात कधी मिळालो नव्हतो. त्याने माझ्या नजरेआड एक हत्यार उचललं, ते माझ्या दाढेला लावलं, आणि मास्कच्या आतून, तुम्हाला सांगतो, अगदी प्रेमाने... "ओळखा पाहू!"

कारखान्यात साहेबांना सांगितलं, दाढ काढलीय, नमुने थांबवा. साहेब म्हणाले, थांबतो, पण फार नाही. नाकाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल, रोज सकाळ-संध्याकाळ ओळखीचे वास हुंगायचे. बायको म्हणाली, "आहेत की बाटल्या!" आल्या त्या तिरक्या कागदाच्या बाटल्या आमच्या घरी. सकाळी उठायचं आणि हुंगायचं. कॉफी... कापूस. गुलाबपाणी... कापूस. बूट पॉलिश... कापूस. आणि साडू रोज फोन करणार, "काही आलं?" नाही आलं. "उद्या येईल हो." रोज! मी तुसडेपणाने ठेवून द्यायचो फोन. दुसऱ्या दिवशी परत करायचा. काही माणसांना अपमान चिकटतच नाही, उलट डिंकासारखी तीच आपल्याला चिकटून राहतात.

एका सकाळी असाच बसलो होतो. बायको ओल्या केसांनी बाजूने गेली आणि मी एकदम मान वर केली. "शाम्पू बदललास!" ती जागीच थांबली. म्हणाली, "कधीच बदललाय." आणि माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, "वास काही खास नाही." ती म्हणाली, "नसू दे."

हळूहळू सगळं आलं. चंदन आलं, लिंबाची साल आली. साहेबांपुढे दोन्ही नमुने हुंगून एक नापास करून टाकला, तेव्हा कुठे मला माणसात आल्यासारखं वाटलं. आणि त्या शनिवारी मी स्वतःहून, ऐकताय ना, स्वतःहून साडूकडे गेलो! मोबाइल टोपलीत टाकला. म्हटलं, आण तुझ्या बाटल्या. त्याने नव्या केल्या होत्या, जास्त अवघड. एकेक नाकाखालून नेली आणि सांगत गेलो. लवंग, त्यात थोडी दालचिनी मिसळलीय. व्हिनेगर, उघडं राहिलेलं. जुना पेपर, पावसात भिजवून वाळवलेला. एक चुकलं नाही! सगळे बघतच राहिले. मी म्हटलं, वाजवा आता टाळ्या. बटाट्याला वाजवता, मला वाजवा!

तर साडू मेहुणीकडे बघतो, मेहुणी सासूबाईंकडे बघते. आणि साडू घसा साफ करून म्हणतो, "साडूभाऊ, राग नका मानू, पण हे बाकीच्यांवर अन्याय करणारं आहे. तुमचा हा धंदा पडला. यापुढे तुम्हाला खेळात नाही घेता येणार. तुम्ही असं करा, कोपऱ्यात बसा आणि गुण लिहा."

बसतो आता कोपऱ्यात. परवा बूट पॉलिशला मेहुणी मोगरा म्हणाली, खदाखदा हसली, मी तिला अर्धा गुण दिला. काय करणार? जेवण त्यांच्याकडेच असतं... आणि हल्ली मला चव कळते!