नवऱ्याला ओकिनावाला नेलं त्याची गोष्ट

माझ्या मालवणी नवऱ्याला कुठे न्यायची सोय नाही. ओकिनावाला डायव्हिंगचा हट्ट माझाच, त्यामुळे काही झालं असतं तर सासूबाईंनी मलाच धरलं असतं. खाली प्रवाळांजवळ एक हा एवढा निळा मासा दिसला आणि आमचे महाराज जोरजोरात हात हलवायला लागले. मला वाटलं, संपलं! इन्स्ट्रक्टर तनाकासाननी घाबरून पाण्याखाली लिहायची पाटी पुढे केली. आम्ही दोघं क्लासात शिकलो त्या जपानीत ह्याने लिहिलं, "खायला कसा लागतो?"

तनाकासाननी गंभीरपणे विचार करून उत्तर लिहिलं, "कच्चाच छान."

ह्याने मास्कवरूनच कपाळाला हात लावला.

हवा संपत आली, तनाकासान वर चला म्हणून खुणावतायत, आणि हा पाटीवर माशाला रवा कसा लावायचा ते लिहितोय!