आजूबाजूचं वजा करून

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील संचालकसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मोजणीच्या बाई, त्यांचे यजमान, आणि पंखे बंद असूनही बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

निरोपाची भाषणं करून मी आता थकलोय. प्रत्येकाला कष्टाळू आणि मनमिळाऊ म्हणायचं आणि चहाकडे वळायचं. बाई कष्टाळू आहेत. मनमिळाऊ अजिबात नाहीत. यजमान मान डोलावताहेत, म्हणजे घरीही तेच.

आपल्या वेधशाळेत फोटो आला की पहिलं काम ठरलेलं: 'आजूबाजूचं वजा करा'. भोवतालचा अंधूक उजेड पुसायचा, फुटलेल्या ताऱ्याचं पसरत चाललेलं कवच तेवढं ठेवायचं. नियम माझाच. ते कवच एका अंगाने चेपलेलं दिसायचं, म्हणून मी छातीठोकपणे लिहिलं की तारा वाकडाच फुटला.

बाई तेव्हा माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "सर, तारा सरळच फुटलाय. या अंगाला वायू दाट आहे, तिथे कवच अडलं. त्या अंगाला विरळ, तिकडे ते पुढे गेलं. आणि त्या दाट वायूचाच उजेड आपण रोज पुसतोय."

मी काय म्हणालो असेन? "बाई, तुम्ही मोजा. अर्थ आम्ही लावू."

त्या मोजत राहिल्या. अकरा वर्षं, जेवणाच्या सुट्टीत, न पुसलेल्या फोटोंवर. मी वाकडा तारा दाखवत व्याख्यानं देत हिंडलो. गेल्या महिन्यात कपाटं आवरताना त्यांची वही हाती लागली. कवच जिथे जिथे अडलंय, तिथे तिथे वायू दाट.

दुरुस्तीचा लेख आज सकाळी पाठवला. पहिलं नाव बाईंचं. संमतीची सही त्यांनी केली. संचालकसाहेब, तुम्हाला विचारायचं राहिलं, ते आता सांगतोय. पण यात उपकार कसले? लेख छापून येईल तेव्हा बाईंना इथे टेबलही नसेल. ज्या वयात हे नाव त्यांच्या कामी आलं असतं, ते वय माझ्या हेक्यात गेलं. याचं मला फार वाईट वाटतं.

असो. आयोजकांचे आणि माईक सांभाळणाऱ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. अकरा वर्षांची माफी मात्र सभेकडे मागण्यात अर्थ नाही, ती मी बाईंकडे मागतो. त्यांनी दिली नाही, तरी त्यांचंच बरोबर असेल.